रानमालकाच्या चिंचेला कुलूप

आबांचे गुडघे गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर मेंढरांचं. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळाभर माळावर चारा असतो, पण दिवाळी सरली की माळ वाळतो आणि आमची माणसं मेंढरं घेऊन परंड्याच्या अंगाला, पाण्याच्या मुलखात उतरतात. तिथले शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. त्यांच्या रानाला खत मिळतं, आमच्या जनावरांना चारा मिळतो. दोन-चार दिवसांनी तळ हलतो आणि पुढचं रान शोधावं लागतं.

पूर्वी सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. आता दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, एक जुना टेम्पो घेतलाय. हौद्यावर लोखंडी अँगल जोडून त्यावर ताडपत्री ओढली की घर तयार होतं. आत आई, पिठाचे डबे, गोधड्या, डालग्याखाली कोंबड्या आणि अजून पायावर नीट उभी न राहिलेली कोकरं. टपावर मोबाईल चार्ज करायला सोलरची प्लेट. गडीमाणसानं मात्र मेंढरांमागं चालायचं, ही आमच्याकडची रीत. टेम्पोत बसा म्हणून आबांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते एवढंच म्हणायचे, "टेम्पोत कोकरं बसत्यात."

डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं, तेव्हा घरात ठरलं की या वर्षापासून आबांनी गावातच राहायचं. त्याचा अर्थ काय होतो हे मी एकदा पाहिलेलं होतं. आदल्या हंगामात ताप आला म्हणून ते काही दिवस मागं राहिले होते आणि मी सुट्टीला घरी होते. दिवस कलला की ते उठून गावाच्या कडेला जाऊन उभे राहायचे. ती मेंढरं माळावरून परतायची वेळ. मेंढरं तर पार सीना नदीच्या काठाला गेलेली. तरी ते अंधार पडेपर्यंत तिथं थांबायचे आणि घरी येऊन कुणाशी न बोलता भाकरी खायचे. आता दर वर्षीचे चार-पाच महिने असेच जाणार होते.

सायकलीची कल्पना दादाची. त्यानं मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. घरासारख्या गाड्या घेऊन ते देशभर फिरतात आणि गाडीच्या पाठीमागं दोन-दोन बॅटरीच्या सायकली अडकवलेल्या असतात. मुक्कामाला पोचले की सायकल काढायची आणि आसपास हिंडून यायचं. दादा आईला म्हणाला, "आपलं बी तसंच हाय की. निसत्या त्यांच्या गाडीत कोंबड्या न्हायत्या." बोकडं विकून त्यानं बार्शीहून बॅटरीची सायकल आणली. पायडल मारलं की मोटर हात देते, गुडघ्याला जोर पडत नाही. मेंढरांच्या चालीनं हळूसुद्धा चालते. आबांनी गावच्या शाळेच्या मैदानात एक चक्कर मारली, मग दुसरी मारली, आणि उतरायला तयार होईनात.

पण दादानं अट घातली. गेल्या हंगामात आमच्या तळावरून सोलरची एक प्लेट चोरीला गेली होती आणि ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. तो म्हणाला, सायकलीचा विमा झाला तर सायकल तळावर येईल. नाहीतर सायकल घरी आणि आबाही घरी. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तू शिकलीयास. तू बघ."

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं असली कामं माझ्याकडं येतात. मला येत नाही असं म्हणायला जीभ वळत नाही आणि येतं असं म्हणायचंही धाडस होत नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून मोबाईलवर विम्याच्या अटी वाचल्या. शब्द कळायचे, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात हातातून सुटायची. तीच ओळ पुन्हा वाचायची आणि वहीत आपल्या भाषेत लिहायची, असं करत थोडं थोडं समजलं. या सायकलीला नंबर प्लेट नाही, पासिंग नाही, म्हणून तिला गाडीचा विमा मिळत नाही. सायकलीचा वेगळा विमा असतो. तो चोरीलाही लागू होतो, पण सायकल रात्री कुठं असते यावर सगळं ठरतं.

भूमच्या एजंटनं तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला. रात्री सायकल कुठं असते? मी खरं ते सांगितलं. आज एका रानात, परवा दुसऱ्या रानात. तो पेन खाली ठेवून हसला. म्हणाला, "ताई, घरचा पत्ता टाका की. कोण बघायला येतंय?" मला ते पटेना. उद्या काही झालं तर हाच पत्ता आमच्या अंगावर येईल असं मी म्हणाले. तो म्हणाला, "सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी निघाली तर मला मेंढरंच राखावी लागतील." पण तो माणूस वाईट नव्हता. त्यानं कंपनीला विचारलं आणि फिरतीवर असलेल्या सायकलीलाही विमा मिळतो असा निरोप आणला. अट अशी की रात्री सायकल कुलूपबंद खोलीत असावी, नाहीतर जमिनीत पक्क्या असलेल्या वस्तूला साखळी-कुलपानं बांधलेली असावी. बॅटरी काढून वेगळी ठेवावी. आणि आधी सायकलीचे फोटो पाठवावेत, त्यात चेसीस नंबर स्पष्ट दिसावा.

घरी जाऊन पाहते तर नंबर कुठंच दिसेना. हँडलच्या खाली, जिथं तो ठोकलेला असतो, तिथं लालभडक रंगाचा जाड पट्टा होता. आबांनी सायकलीला खूण केली होती. आमच्या मेंढरांना मानेवर तांबडी खूण असते. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी लांबून ओळखू यावीत म्हणून नवं जनावर आलं की पहिल्यांदा ते काम करायचं. सायकल आली, तिचीही मान आबांनी शोधली आणि रंगवली.

मी रॉकेलचं फडकं घेऊन घासायला बसले तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "जनावराची खूण पुसत न्हायत, बाई."

मी म्हणाले, याच्याखाली कंपनीचा नंबर आहे आणि कंपनी तोच ओळखते.

त्यावर त्यांनी मला मेंढीच्या विम्याची गोष्ट सांगितली. मी लहान असताना त्यांनी काही मेंढ्यांचा विमा उतरवला होता. कंपनीनं प्रत्येकीच्या कानात बिल्ला मारला. पुढं एक मेंढी लांडग्यानं नेली. भरपाई मागायला गेले तर साहेब म्हणाला, बिल्ल्यासकट कान आणा. आबा दोन दिवस माळावर कान शोधत हिंडले. "मेंढीचं मागचं पाय घावलं," ते म्हणाले. "पुढून खायला सुरवात केलती त्यानं." सांगताना ते हसत होते, पण मी नंबर मोकळा केल्यावर त्यांनी रंगाचा डबा आणला आणि नंबर सोडून बाकीची मान पुन्हा तांबडी केली.

फोटो गेले, पैसे भरले, विमा झाला. बॅटरी आईच्या ताब्यात गेली. ती तिला पिठाच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि चार्जिंग कुणाच्या वस्तीवर करायचं हे विचारायचं कामही तिनं आपल्याकडं घेतलं. राहिला प्रश्न साखळीचा. दादाला वाटलं, टेम्पोच्या मागं लोखंडी कडी वेल्डिंग करून घ्यायची आणि सायकल त्याला अडकवायची, त्या व्हिडिओतल्यासारखी. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, टेम्पो हलतो ना?" मी हो म्हणाले. "मग तो पक्क्या वस्तूत येत नाही." ताडपत्रीचं घर कुलूपबंद खोलीतही येत नव्हतं. म्हणजे उरलं रानातलं झाड, नाहीतर विहिरीवरचा लोखंडी खांब.

मला वाटलं, काम झालं. झाडं काय सगळ्या रानात असतात. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना मी हे आबांना सांगितलं, आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

"ज्येच्या रानात उतरायचं, त्येच्याच झाडाला कुलूप घालायचं?"

मी म्हणाले, चोर बाहेरून येतो, कुलूप त्याच्यासाठी असतं.

"चोराला रातीला दिसंल. रानमालकाला दिवसभर दिसतं."

आमच्या तळाला दार नसतं. भांडी उघड्यावर असतात, मेंढरं जाळीच्या आत असतात, राखायला कुत्री. आणि ज्याच्या रानात आम्ही उतरतो तो आमचा राखणदार मानला जातो. त्याच्या शब्दावर आबा इतकी वर्षं झोपले होते. त्याच्या डोळ्यांपुढं साखळी घालायची म्हणजे तो शब्द परत करण्यासारखं होतं. वर्षातून एकदा भेटणारी ही माणसं आबांनी आयुष्यभर चालून जोडली होती. मी वहीत लिहून घेतलेल्या अटींमध्ये याच्यासाठी जागा नव्हती.

दादा चिडला. विम्याला पैसे भरलेत, आता कुलूप नको म्हणता, मग हे सगळं कशासाठी केलं असं म्हणाला. शेवटी बोलून गेला, "मग घरीच ऱ्हावा तुमी." आबा हात धुऊन बाहेर गेले. ते येणार आहेत की नाही हे कुणालाच कळलं नाही. सकाळी मेंढरं सोडली तेव्हा ते सायकल धरून मेंढरांच्या मागं उभे होते.

मला सुट्टी होती म्हणून पहिल्या तळापर्यंत मीही टेम्पोतून गेले. सुरुवातीला मेंढरं सायकलीला बुजली, कुत्रं चाकावर भुंकलं. मग सगळ्यांना सवय झाली. चढ आला की मोटरचा बारीक आवाज यायचा आणि आबा मागं वळून, कुणी पाहतंय का ते बघायचे.

रात्री वाटेत ओळखीच्यांच्या खोलीत सायकल कुलपात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्ही परंड्याच्या अलीकडं नेहमीच्या रानात उतरलो. रानमालक आबांच्याच वयाचे, ओळख जुनी. विहिरीजवळ त्यांची मोठी चिंच आहे. दादा टेम्पोतून उतरलाच नाही. साखळी आणि कुलूप माझ्या हातात होतं आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. आबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि लंगडत रानमालकाकडं गेले. मीही मागं गेले.

"काय पाव्हणं, औंदा गाडीवर?" रानमालक म्हणाले.

"गुडघं ऱ्हायलं न्हायतं. पोरांनी आणून दिली." आबा पुढं म्हणाले, "एक इचारू का? राग मानू नगा."

"इचारा की."

"पोरीनं हिचा इमा उतरवलाय. कंपनी म्हणती, रातीला झाडाला कुलूप घाला. तुमच्या चिंचंला घातलं तर चालंल का?"

रानमालकांनी साखळीकडं पाहिलं, चिंचेकडं पाहिलं. तेवढ्यात आबांनी कड्यातल्या दोन चाव्यांपैकी एक नखानं ओढून काढली आणि पुढं धरली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. निघताना नीन."

"मला वो कशाला? म्या काय ह्या वयात सायकल शिकू?"

"झाड तुमचं हाय. चावी बी तुमच्यापाशी पायजे."

रानमालकांनी चावी उलटसुलट करून पाहिली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. मग मला म्हणाले, "तुझ्या कंपनीला इचार, चिंचा खाली पडल्या तर त्येचा बी इमा हाय का." आबा मोठ्यानं हसले. सायकल चिंचेला लागली आणि दोघं विहिरीच्या काठावर तंबाखू मळत बसले.

मी मात्र तिथंच उभी राहिले. माझ्या वहीत आणखी एक ओळ होती. चोरी झाली तर कुलपाच्या दोन्ही चाव्या कंपनीला दाखवाव्या लागतात, आणि त्या सायकलीच्या मालकाच्याच ताब्यात असाव्या लागतात. त्या वेळी बोलले नाही. रानमालकांसमोर ते बोलणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी आबा एकटे असताना सांगितलं.

"दोनी मागत्यात? दिऊ की," ते म्हणाले. "निघताना घेतोच म्या."

"पण आबा, मधल्या रात्री गेली तर?"

माझं म्हणणं त्यांनी उडवून लावलं नाही. मग म्हणाले, "ज्येच्या खिशात चावी हाय, त्येची झोप हलकी असती, बाई."

मी दादालाही सांगितलं, कारण अट त्याची होती आणि ती आता पुरी झाली की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. तो टेम्पोच्या चाकाला टेकून आबांकडं पाहत बसला होता. आबा कोकरू मांडीवर घेऊन त्याचा पाय तपासत होते. दादा म्हणाला, "असू दे. आल्यात न्हवं ते."

हॉस्टेलवर परत आल्यावर मी कंपनीला ईमेल लिहिला. रानमालकाकडं एक चावी मुक्कामापुरती ठेवली तर ती आमच्या ताब्यात धरली जाईल का, असं विचारलं. तळ, रान, रानमालक हे सगळं समजावून लिहायला मला बराच वेळ लागला. उत्तर आलं की आपण आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. पुढं काही नव्हतं. मी पुन्हा लिहिलंय. सायकल चोरीला गेली तर पैसे मिळतील की नाही, हे मला आज तरी सांगता येत नाही.

काल दादाचा फोन आला होता. तळ पुढं हलला आहे. आबा सायकलीवर एकटेच पुढच्या रानाची चौकशी करायला गेले आणि बोलणी करून आले. आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चावी मागच्या रानमालकाकडं राहिली. मग ते पुन्हा उलटे गेले, तिथं चहा झाला, जेवण झालं, आणि दिवस मावळताना परतले. दादा म्हणाला, ही दुसरी वेळ आहे आणि म्हातारा मुद्दाम विसरतोय.