भाऊसाहेबांची हद्द

आमच्या नीराकाठच्या गावच्या तलाठी भाऊसाहेबांना बोलताना छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढायची सवय. "ते आपल्या हद्दीत येत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नवरात्राआधी धरणातून पाणी सोडल्याचा फोन ग्रामपंचायतीत आला. भाऊसाहेबांनी आमच्या काठावर दवंडी दिली. पलीकडं बाया नदीत गोधड्या धूत होत्या.

"त्यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"तो दुसरा जिल्हा हाय. त्यांच्या कचेरीतनं निरोप यील." छत्रीनं रेघ ओढली.

माझं डोकंच फिरलं. पाणी काय कचेरीला विचारून येणार होतं? शेवटी आम्हीच काठावरून बोंबलून, पटके हलवून त्या बायांना वर काढलं. गोधड्या वाहून गेल्या.

परतताना भाऊसाहेबांच्या दारात अनोळखी म्हैस दिसली. विचारलं तर कळलं, त्यांच्या पलीकडच्या काठावरच्या मेव्हण्याची, दवंडीच्याही आधी पुलावरून आणलेली.