खटका

माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन नाही, तंबाखूचं नाही, पत्त्यांचं नाही. हे मी माहेरी परभणीला मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग त्याला कीबोर्डाचं लागलं. चाकणच्या एका कंपनीत तो पार्ट तपासायचं काम करतो. दिवसभर सगळं मापात बसतंय का ते बघायचं आणि कुरुळीतल्या आमच्या दीड खोलीत येऊन पुन्हा तेच. कीबोर्डाचं एकेक बटण उपटायचं, खालचा स्विच बदलायचा, बटण परत बसवायचं आणि कान लावून ऐकायचं. "हा ऐक. आता हा ऐक." मला दोन्ही सारखेच वाटायचे. मी पोळ्या लाटत असताना त्याचं हे चालायचं, तरी लाटणं कधी माझ्या हातून सुटलं नाही, याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

मी स्वतः वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातला तारांचा जुडगा. त्याच्या टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात, ते एकमेकांत बसवायचे. नियम एकच, पहिल्या दिवशी पाढ्यांसारखा घोकून घेतलेला: पुश, क्लिक, पुल. दाबा, क्लिक होऊ द्या, ओढून खात्री करा. अर्धवट बसलेला कनेक्टर म्हणजे महापाप, कारण त्याच्यापायी कुणाची तरी गाडी घाटात बंद पडणार. पण शॉपफ्लोअरवर कलकलाट इतका की क्लिक काही ऐकू यायचा नाही. मग जिला शंका ती जास्त दाबायची, आणि शंका सगळ्यांनाच होती. दाबायचं ते अंगठ्याने. माझ्या शेजारच्या टेबलावर कुरुळीच्याच एक काकू होत्या. कामाला लागण्याआधी त्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळायच्या आणि म्हणायच्या, "अंगठा हाय तवर नोकरी हाय."

माझा अंगठा दिवाळीनंतर गेला. गेला म्हणजे हातालाच होता, पण कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं आणि बाटलीचं झाकण उघडायला नवऱ्याची वाट बघावी लागायची. डॉक्टर म्हणाले, आतली शीर सुजलीय, लाइन सोडा. आमच्या गावी सही न येणाऱ्याला अंगठाबहाद्दर म्हणतात. मी बारावी पास होऊन अंगठाबहाद्दर ठरले. हे मी सगळ्यांना हसत सांगितलं, पण आतून माझी गाळण उडाली होती. लग्नानंतर माझी म्हणावी अशी ही नोकरी एवढी एकच गोष्ट होती. सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढणारी मी मला आवडायचे. दीड खोलीत बसून दुसऱ्याची शिफ्ट सुटायची वाट बघणारी मी मला नको होते.

सुपरवायझर भला माणूस. तो म्हणाला, "क्वालिटी ऑफिसात टायपिंगची एक जागा निघतीय, मराठीत. लाइनवर लावायच्या सूचना टाइप करायच्या. महिन्याने टेस्ट आहे, तोवर लाइनवरच जमेल तेवढं करा. जमलं तर टेबल, नाही तर..." हलकं काम म्हणावं असं दुसरं कंपनीत काही नव्हतं.

घरी सांगितलं तर नवऱ्याला आनंद लपवता येईना. माझा अंगठा गेला आणि त्याचा छंद कामी आला. त्याने ताटात स्विच मांडले, लाल, तपकिरी आणि निळा, आणि म्हणाला, "दाबून बघ आणि निवड." मुलगी बघायला आल्यासारखी मी ताटासमोर बसले.

लाल सरळ खाली गेला. अडणं नाही, आवाज नाही. प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा माणूस. म्हटलं, याचा भरवसा नाही. तपकिरी निम्म्या वाटेवर किंचित अडला आणि गप्पच राहिला. म्हटलं, हा काहीतरी बोलायला जातो आणि गिळतो. निळा दाबला आणि खट्ट! हुबेहूब कनेक्टर.

"हाच," मी म्हणाले. "आणि सारखं स्विच स्विच काय करता हो? आमचे वडील याला खटका म्हणतात."

"बरं, निळा खटका," तो म्हणाला.

मराठी अक्षरांची बटणं हवी होती. नवऱ्याच्या एका मित्राचं भोसरीत वर्कशॉप आहे, तिथे गाड्यांच्या पार्टवर लेझरने नंबर कोरतात. त्याने आमची बटणं करून दिली. पहिली काही जळाली, मग जमली. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, सगळं सुबक. पण भोसरीच्या माणसाच्या हातून बिननंबरी वस्तू बाहेर कशी पडणार? त्याने प्रत्येक बटणाच्या कडेला बारीक बॅच नंबर टाकला होता. वर आपल्या अकलेने बॅकस्पेसवर ‘रिवर्क’ कोरलं, डिलीटवर ‘रिजेक्ट’, एंटरवर ‘ओके’ आणि कोपऱ्यातल्या एस्केपवर ‘सुट्टी’. ते बघून मी इतकी हसले की अंगठ्याची आठवणही राहिली नाही.

हसू फार टिकलं नाही. सरावाला बसले आणि हाताची खोड बाहेर आली. मी ‘क’ दाबायचे, खट्ट ऐकायचे, तळाला टेकले तरी दाबूनच धरायचे. पडद्यावर ककककक. वाक्य तोतरं बोलायला लागायचं. त्याहून वाईट म्हणजे, दाबून झालं की माझं बोट आपोआप नखाने बटण वर ओढायचं. पुश, क्लिक, पुल! बटण उडायचं. एकदा ‘त’ थेट वरणात पडला.

"अगं, पुल नाही करायचं!" नवरा ओरडला.

"मला कळतंय. हाताला सांगा!"

त्या आठवड्यात आमच्यात कीबोर्डापेक्षा जास्त खटके उडाले. एका संध्याकाळी बोटं आणि मनगट दोन्ही ठणकायला लागली, तेव्हा मी कीबोर्ड ढकलून दिला आणि म्हणाले, राहू द्या, माझ्या नशिबात पोळ्याच आहेत. तो भांडला नाही. त्याने एक निळा खटका घेतला, त्याचं झाकण उघडलं, आतली स्प्रिंग आणि चिमुकली पट्टी दाखवली आणि हळूहळू दाबत नेला.

"हे बघ. इथे खटका बसला ना, इथेच अक्षर उमटलं. याच्यापुढे तू तळापर्यंत दाबतेस त्याचा कीबोर्डाला काही उपयोग नाही. ते नुसतं तुझ्या बोटावर जातं."

"म्हणजे अर्धवट सोडायचं?"

"अर्धवट नाही. तेवढंच पूर्ण असतं."

मला रागच आला. मला आयुष्यभर सगळ्यांनी उलटं शिकवलं होतं. भांडं घासायचं तर तळापर्यंत, झाकण लावायचं तर आवळून, कनेक्टर दाबायचा तर जोर लावून. तेवढंच पूर्ण असतं, असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. रागाच्या मागोमाग रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. मग त्याने मला एकच वाक्य दिलं, रोज बसल्या बसल्या आधी हे टाइप करायचं: खटका बसला की दाब सोडा.

सोडायला शिकणं दाबण्यापेक्षा अवघड निघालं. जरा जमतंय तोच भिंत वाजली. पलीकडच्या खोलीतला शेजारी नाइट शिफ्टचा, आमच्या सरावाच्या वेळी त्याची झोप. "वहिनी, काय घरात टाइपरायटर आणलाय का? झोपू द्या की राव!" त्याचं चुकत नव्हतं. त्यामुळे निळे निघाले आणि तपकिरी बसले, तेच बोलायला जाऊन गिळणारे. दोन दिवस मी चाचपडले. कानाला काहीच कळत नव्हतं. मग केव्हातरी बोटाच्या टोकाला तो बारीकसा अडथळा कळायला लागला. आवाज नाही, नुसती चाहूल, आणि तिथेच बोट वर. ऑफिसच्या कीबोर्डावर नुसती इंग्रजी अक्षरं असणार म्हणून शेवटी नवऱ्याने भोसरीची बटणं काढून कोरी लावली. मला भोसरीची आवडायची, पण टेस्टमध्ये ‘रिवर्क’ कुठे मिळणार होतं?

टेस्ट जेवणाच्या सुटीनंतर होती. ऑफिसातल्या मॅडमनी मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं आणि एक कागद पुढे ठेवला. तो आमच्याच लाइनवर टांगलेला कागद होता, कनेक्टर कसा बसवायचा याचा. जसाच्या तसा उतरवायचा, चूक चालणार नाही. समोरचा कीबोर्ड जुना, चपटा, बिनआवाजी. मी दोन्ही हात ठेवले. ‘क्लिक’ लिहायला पाच बटणं लागतात, ती पाचही न बघता सापडली आणि मला धीर आला. मग मी मान वर केलीच नाही.

मॅडम पडद्यावर पेन फिरवत वाचत होत्या. पेन थांबलं.

"ही ओळ कुठून आली? मूळ कागदात नाहीये."

क्लिक होईपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा, या दोहोंच्या मध्ये माझ्या हातांनी आपण होऊन लिहिलं होतं: खटका बसला की दाब सोडा.

चुकून झालं, पुसते, असं म्हणायला तोंड उघडलं. पण नजर अंगठ्यावर गेली आणि माझा मूळ स्वभाव आडवा आला.

"नाहीये मॅडम. पण असायला पाहिजे," मी म्हणाले आणि मग थांबलेच नाही. क्लिकनंतर दाबून काही होत नाही, आवाज ऐकू येत नाही म्हणून आम्ही दाबत राहतो, बोटाला क्लिक कळतो पण त्याच्यावर विसंबायचं असतं हे कुणी सांगितलेलं नाही, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. बोलून झाल्यावर वाटलं, गेली नोकरी.

मॅडमनी कुणाला तरी फोन लावला आणि विचारलं, क्लिक झाल्यावर पुढे दाबावं लागतं का? बराच वेळ ऐकून घेतलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "नाही लागत." शेल्फावर नमुन्याचे कनेक्टर होते, त्यातली एक जोडी घेऊन त्यांनी स्वतः दाबली. क्लिक झाला. तरी त्यांचा अंगठा दाबतच राहिला, नखाखाली पांढरा पडेपर्यंत. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"खटका नको, क्लिक लिहा," त्या म्हणाल्या. "ओळ राहू दे. सगळ्या लाइनवर नवा कागद लावू. स्पीड कमी आहे तुमचा, तो वाढवा. सोमवारपासून जनरल शिफ्टला या."

मी थँक्यू म्हणायचंही विसरले. शिफ्ट अजून बाकी होती, म्हणून लाइनवर परत आले. काकूंनी हात न थांबवता भुवईनेच विचारलं, काय झालं? मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, टेबल मिळालं म्हणून, आणि लगेच ती ओळही सांगितली. त्यांनी समोरचा कनेक्टर घेतला, दाबला आणि बोटाला कळताक्षणी सोडला. मग ओढून पाहिला. पक्का बसला होता. दुसरा घेतला. तोही बसला. बँडेजचा हात तसाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग एवढी वर्सं मी कुनाशी भांडत व्हते गं?"