अर्ध्या सुराचं कुंपण

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या शेजाऱ्यांना हाक काय मारायची, हा प्रश्न बरेच दिवस चालला. माझ्या बायकोने, मयूराने, पहिल्याच भेटीत त्यांना 'काका' म्हटलं आणि एत्तोरे बेलांदींचा चहा नाकात गेला. इटालियनमध्ये तो शब्द तान्ह्या मुलाच्या लंगोटातल्या ऐवजासाठी राखून ठेवलेला आहे. 'मामा' म्हणावं तर ती त्यांच्याकडे आई. 'अण्णा' म्हणावं तर त्यांची बेर्गामोतली थोरली बहीण. शेवटी 'मास्तर' दोन्ही पक्षांना मान्य झालं.

मास्तर ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे आपल्या सनईची परदेशी शिकलेली बहीण. तरुणपणी एका ऑपेरा कंपनीबरोबर ते दौऱ्यावर आले, ब्रिस्बेनच्या थिएटरात तिकिटं फाडणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडले, आणि कंपनी परत गेली तरी हे राहिले. तिथल्या ऑर्केस्ट्रात हयात काढली. बायको गेल्यावर थंड हवेसाठी इकडे आले आणि गावच्या हौशी ऑर्केस्ट्रात वाजवू लागले.

ऑर्केस्ट्राची एक रीत आहे. कार्यक्रमाआधी ओबोवाला एक सूर धरतो आणि बाकीचे सगळे त्याला वाद्यं जुळवतात. तो सूर ठरलेला, आपल्या हिशेबात पांढरी सहा. मास्तर म्हणायचे, कंडक्टर कितीही मोठा असो, सुरुवातीला सगळे माझं ऐकतात. एवढं तर बायकोनेही कधी ऐकलं नाही.

वीस सालच्या मार्चमध्ये, बेर्गामोत, अण्णा कोरोनाने गेली. विमानं बंद. तिची शवपेटी इतर पेट्यांबरोबर कुठे गेली, हे भाच्यालाही नीट सांगता येईना. त्याच महिन्यात इथला ऑर्केस्ट्रा बंद झाला, आणि पुढे कितीतरी दिवस फुंकून वाजवायच्या वाद्यांकडे लोक खोकणाऱ्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. दम जाऊ नये म्हणून मास्तर रोज संध्याकाळी परसात उभे राहून तो एकच सूर धरायचे. तीच वेळ मयूराची तंबोरा घेऊन गाण्याच्या रियाजाला बसायची. तिची पट्टी काळी चार. म्हणजे दोघांत बरोबर अर्ध्या सुराचं अंतर, आणि त्या अर्ध्या सुरात मी स्वयंपाक करत असे.

एकदा ते कुंपणापाशी आले.

"तुझं वाद्य उतरलंय."

"उतरलं नाही, मास्तर. हा माझा सा आहे."

सूर कधी माझा-तुझा असतो का, म्हणाले. मयूराने समजावलं, आमच्याकडे गाणाऱ्याचा गळा बघून सा ठरतो, मग तंबोरा त्याला जुळवतात. मास्तरांनी हातातल्या ओबोकडे बघितलं.

"मग तुमच्याकडे ओबोवाल्याने खायचं काय?"

एकवीसच्या डिसेंबरात राज्याची सीमा उघडली आणि तोवर बाहेर थोपवलेला कोरोना आत आला. जानेवारीत मास्तर हॉस्पिटलात. परत आले ते अर्धे होऊन. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले तरी तिच्यावर हात टेकून उभे राहायचे. मे महिन्यात ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम होता. डॉक्टर नको म्हणाले, मी नको म्हटलं. पण त्यांना बाकी काही वाजवायचं नव्हतं. तेवढा सूर द्यायचा होता.

ओबोची जिभली, म्हणजे तोंडात धरायची पत्ती, बोरूची, हाताने तासायची. पातळ केली की कमी दमात वाजते, पण सूर खाली बसतो. हे ते विद्यार्थ्यांना कानीकपाळी ओरडून सांगत. आता स्वतःच तासत बसले.

कार्यक्रमाला आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. मास्तरांनी ओबो उचलला. सूर आला, थरथरला, खाली बसला. पुन्हा धरला, पुन्हा बसला. व्हायोलिनवाले गज उचलून थांबले होते. मग त्यांच्या प्रमुख बाईंनी, मास्तरांकडे न बघता, स्टँडवर एक छोटं यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. सगळे त्याला जुळले.

त्यानंतर कुंपणापलीकडच्या परसात कुणी आलं नाही. रविवारी मयूरा तंबोरा उचलून त्यांच्या किचनमध्ये गेली. मागोमाग मी, गवसणी सांभाळत.

"मास्तर, सूर द्या."

"यंत्र घे."

"यंत्राला माझा सा माहीत आहे. मला तुमचा हवाय."

"माझ्याकडे आता तो सूर नाही."

"तो नकोच. येईल तो द्या."

ते भिंतीकडे बघत गुणगुणले. जेमतेम एक श्वास. काळी तीनच्याही जरा खाली. मयूराने खुंट्या सैल केल्या आणि एकेक तार त्यांच्या सुरापाशी आणली. चारही तारा बोलायला लागल्या तसे मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील.

"पंचम चढलाय," ते म्हणाले.

तिने उतरवला.

जुलैत, कडाक्याच्या थंडीत, मास्तर गेले. या हवेत तारा रोज हलतात आणि मयूरा रोज तंबोरा त्यांच्याच सुरात जुळवते. तिच्या गळ्याला तो परवडत नाही. मंद्रात उतरली की सूर संपतो आणि नुसता श्वास ऐकू येतो. तेव्हा माझा हात कढईवर थांबतो. कुंपणापलीकडून आता कुणीतरी म्हणेल, उतरलंय.