खारूला ओळखणारी माणसं

फ्लेक्स छापायच्या दुकानात बारा वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून देतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुक आणि ज्याचा वाढदिवस त्याचाच फोटो विसरलेला, असले किस्से मी हळदीकुंकवाला सांगते, बायका हसून हसून लोळतात. मयूरचे मात्र मी कुठे सांगत नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, तोही हसतो.

मयूर म्हणजे टीव्हीवरचा खारू. पुढचे दोन दात पडलेला, "आजी, मी मोठा झालोच नाही तर?" म्हणणारा. लोकांनी डोक्यावर घेतलं होतं पोराला. मिसरूड फुटलं आणि कामं बंद झाली. गोळ्या आणि बाटली त्याच्या आधीच सुरू झाली होती. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून तो आमच्या उल्हासनगरच्या दुकानात आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मी डिझाइनला होते, समोरच.

आमच्या शेठने विचारलं, "पहले क्या करता था?"

"ऍक्टिंग."

"फिर?"

"नशा."

"और अभी?"

"आठ महीने से कुछ नहीं."

शेठने फ्लेक्सच्या कडेला दोरीसाठी ठोकायच्या रिंगांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "वो तेरा तू देख. मेरे को बता, फ्लेक्स को रिंग सीधी लाइन में मारेगा ना?"

त्याच्या घरापासून, म्हणजे बदलापूरपासून, इथपर्यंत सगळ्यांनी त्याला भूतकाळच विचारला होता. कामाचं विचारणारा हा एकच माणूस निघाला.

* * *

गिऱ्हाईक त्याला ओळखायचंच. एकदा अंबरनाथ पश्चिमचे एक केबलवाले काका आले, लेकीच्या लग्नाचा फ्लेक्स करायला. मयूरला बघितलं आणि लग्न राहिलं बाजूला.

"अरे खारू! ते आजीवालं म्हण ना एकदा!"

"काका, त्या सीनला मला एकशे तीन ताप होता. एकवीस टेक झाले."

"मग तर पाठच असेल!"

मी कात्री टेबलावर आपटली. मयूरने मात्र म्हणून दाखवलं, बोबडं करून, मान वाकडी करून. काकांनी व्हिडिओ काढला.

ते गेल्यावर मी त्याच्यावरच डाफरले. तो म्हणाला, "ताई, नाही म्हटलं की बाहेर जाऊन 'माज बघा बेवड्याचा' म्हणतात. म्हटलं की 'बिचारा' म्हणतात. बिचारा परवडतं."

* * *

मग ते मंडळवाले. व्यसनमुक्तीवर मोठा फ्लेक्स लावायचा होता त्यांना, दहा बाय पंधरा. अध्यक्ष स्वतः आले होते. तोंडात गुटख्याचा तोबरा, म्हणून मान वर करून बोलत होते.

त्यांनी पेनड्राइव्ह दिला. डाव्या बाजूला छोटा खारू, उजव्या बाजूला बदलापूर स्टेशनबाहेर गटाराशेजारी पडलेला मोठा मयूर. मध्ये लाल बाण. खाली ओळ, "संस्कार नसले की असं होतं!"

मयूर माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने स्क्रीनकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "साहेब, उजवीकडचा फोटो मोठा केला की फाटणार, नुसते ठिपके दिसतील. माझ्याकडे चांगला आहे, देऊ?"

अध्यक्षांनी गुटखा गिळला. "आयला! तू जिवंत आहेस?"

फ्लेक्स त्यांनी दुसरीकडून छापून घेतला. फोटो तोच. बाण थोडा मोठा केला होता!

* * *

तो स्टेशनबाहेरचा फोटो एका व्हिडिओतून घेतलेला. तो व्हिडिओ मोबाईलवर सगळीकडे फिरला होता. आता माझंच सांगते. मीही तो आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला होता, हसण्याची तीन चिन्हं टाकून. मयूर आमच्याकडे यायच्या दीड वर्ष आधी.

त्याच्या डब्यातली भाजी खाताना हे मला पचेना. एक दिवस सांगून टाकलं. वाटलं, उठून जाईल.

तो म्हणाला, "किती लोकांना पाठवलात?"

"सतरा."

"मग ठीक आहे. माझ्या मामाने दोनशे जणांना पाठवला."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याने माझीही भाजी संपवली.

* * *

गेल्या वर्षी एका यूट्यूबवाल्याने त्याची मुलाखत घेतली. मयूर पहिल्यांदाच सगळं बोलला. आठ वर्षांचा असताना त्याला ऍक्टिंग शिकवणारे, शूटिंगला नेणारे एक सर होते. ते मेकअपरूमचं दार आतून लावून घ्यायचे. आई बाहेर डबा घेऊन बसलेली असायची. पुढे दोन-दोन शिफ्ट करता याव्यात म्हणून पहिली गोळी त्यांनीच दिली, दुधाबरोबर.

मी विचारलं होतं, "कशाला बोलतोस रे? लोक सोलून काढतील."

"काढू दे. त्यांच्याकडे आणखी पोरं जायला नकोत, ताई. बाकी मला कुणाकडून काही नको."

लोकांनी सोललंच. "पब्लिसिटी!" "पिऊन बोलतोय!" एका शहाण्याने लिहिलं, "एवढं होतं तर तेव्हाच का नाही बोललास?" आठ वर्षांचं पोर! आठ वर्षांचं पोर शू लागली तरी मास्तरांना विचारायला घाबरतं. माझ्या तोंडात शिव्या आल्या, पण शिव्या टाइप करायला मला जमत नाही.

आठवड्याभरात त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई त्याच्या आईकडे आल्या. म्हणाल्या, "वहिनी, मयूरला लिफ्टमधून एकट्याला पाठवू नका. लहान मुलं असतात हो!"

तेव्हापासून तो जिना चढतो. पाचवा मजला.

* * *

आणि हा गेल्या महिन्यातला. बदलापूरच्याच एक बाई आल्या, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी डान्सच्या स्पर्धेत पहिली आलेली, त्याचा फ्लेक्स हवा होता. रिंगा मारत बसलेल्या मयूरकडे बाईंचं लक्ष गेलं आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"तुमची मुलाखत मी पूर्ण पाहिली. दोनदा पाहिली. दोन्ही वेळा रडले."

मयूर उठून उभा राहिला. "तुम्हाला खरं वाटलं?"

"अहो, शब्दन् शब्द! मी पण आई आहे."

एवढ्या महिन्यांत त्याला हे म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पोरीसाठी खुर्ची आणली. तिचा फ्लेक्स स्वतः बसून केला, तिला आवडतात म्हणून कडेने फुलपाखरं टाकली, पैसे घेऊ नका म्हणून मला खुणावलं.

जाता जाता बाई त्याच्याजवळ सरकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते सर... अजून आहेत का या लाइनीत?"

"आहेत ना," मयूर म्हणाला. "अजून लहान मुलांनाच घेतात."

बाईंनी पोरीला जवळ ओढलं. तिच्या केसांवरून हात फिरवला. मग पर्समधून मोबाईल काढला.

"त्यांचा नंबर द्याल? मी सतत तिच्यासोबत राहीन हो, एक मिनिट एकटी सोडणार नाही!"