वहिनींची पिसोरी

परवा विश्रामबागेतल्या घरी नातीनं मोबाईलवर एका प्राण्याचा फोटो दाखवून नाव विचारलं. "पिसोरी," मी म्हणालो, आणि या वयातही माझे कान तापले.

सत्तरच्या दशकात मी कराडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. थोरल्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी कोयनेच्या रानातल्या, चारचौघांत तोंडही न उघडणाऱ्या. एका दुपारी पाहुण्यांसोबत आम्ही सगळे अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या.

"आमच्या रानात पिसोरी असती. हरणावाणी, पर सशाएवढी. शिंगं न्हाईत, नराला बारकं सुळं असत्यात. चाहूल लागली की पाचोळ्यात अशी गप बसती, पाय पडंल तरी दिसायची न्हाई." सांगताना त्यांनी श्वास रोखून दाखवला. डोळे नुसते चमकत होते.

"सुळेवालं हरीण? वहिनी, ससा बघितला असेल तुम्ही!" मी म्हणालो. सगळे खदाखदा हसले.

त्यांनी पदर सारखा केला. "असंल भावजी. ससाच असंल."

महिन्याभरानं कॉलेजच्या काचेच्या कपाटात मला पेंढा भरलेली पिसोरी दिसली. अंगावर पांढरे ठिपके, ओठाबाहेर आलेले बारीक सुळे. त्या रात्री वहिनींनी ताटात गरम भाकरी वाढली. मी मान खाली घालून जेवलो आणि उठलो.

पुढं चाळीस वर्षं त्या आमच्या घरात नांदल्या. आपल्या रानाबद्दल पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.