अण्णांनी नापास केलेले हेडफोन

ओहम अण्णांनी कुणाच्या घरातल्या वस्तूला कधी 'छान आहे' म्हटल्याचं मला आठवत नाही. चहालाही नाही. घरी आलेला माणूस काहीच सुचलं नाही तर निदान पंख्याचं तरी कौतुक करतो. अण्णा दारात चपला काढता काढताच विचारायचे, "आणला का नवा? दावा बरं, कितीला फसलाव ते बगू." नवा म्हणजे हेडफोन. आणि फसलेला म्हणजे बहुतेक वेळा मी.

अण्णा आता नाहीत, म्हणून खरं सांगून टाकतो. मला हा माणूस आवडत नव्हता. ते मूळचे तेरचे. धाराशिवच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी परिचर म्हणून उभी नोकरी काढली आणि तिथल्या यच्चयावत प्राध्यापकांना 'पुस्तकी' ठरवून निवृत्त झाले. नंतर तेरला राहायला गेले खरे, पण दर रविवारी सकाळच्या एसटीनं परत धाराशिवला हजर. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी विजेचा अडथळा ओहममध्ये मोजायचं मीटर, आणि हेडफोन दिसला की पहिला प्रश्न, "किती ओहम?" त्यावरूनच नाव पडलं. गंमत म्हणजे एवढं सगळं असून स्वतःच्या मालकीचा एकही हेडफोन त्यांच्याकडे नव्हता. घरी गाणी ऐकायची ती सुनेच्या मोबाइलवर. आणि हा माणूस आम्हाला शिकवणार!

आम्ही म्हणजे मी आणि एक वकील. आमच्या गावात चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज. मिरवणुकीच्या गाडीवर ज्याचे स्पीकरचे खोके जास्त आणि ज्याच्या आवाजानं खिडकीच्या काचा जास्त थरथरतात, तो थोर. आम्ही दोघं स्वतःला यातले समजत नव्हतो. आम्ही स्ट्रीमर घेतले होते. स्ट्रीमर म्हणजे वायफायवरून गाणी ओढून आणणारा एक काळा डबा. त्याच्या तोंडावर हेडफोन खुपसायचं भोक असतं आणि त्या हेडफोनला हाकण्यासाठी पोटात एक छोटासा अ‍ॅम्प्लिफायर. या डब्याच्या जोरावर आम्ही गावाला तुच्छ लेखायचो आणि अण्णा आम्हाला.

वकिलांनी पुण्याहून तीनशे ओहमाचा हेडफोन आणला तेव्हाची गोष्ट. एवढा भारी हेडफोन, पण गाणारी बाई शेजारच्या घरात गात असल्यासारखी ऐकू येई. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी तेच. वकील दुकानदाराला नोटीस पाठवायच्या तयारीत होते. अण्णांनी हेडफोनच्या पिनेला मीटर लावलं, आकडा पाहिला आणि हसले. ते हसले की समोरच्याचा पाणउतारा ठरलेला. "वकीलसाहेब, पाचशे फुटाचा बोअर मारलाव अन् त्यात दीड एचपीची मोटर सोडलाव. पाणी वर येतंय व्हय? डबा चांगला हाय, हेडफोन बी चांगला हाय. सोयरीक चुकली." मग त्यांनी वकिलांच्याच कपाटातला बत्तीस ओहमाचा जुना हेडफोन काढून लावला आणि बाई थेट दिवाणखान्यात आली.

माझ्या वेळी उलटं झालं. मी शहाणपणानं नाजूक, कानात घालायचे हेडफोन आणले. आवाज भरपूर, पण दोन गाण्यांच्या मधे सतत सूं सूं. "आता उथळ आडात धा एचपीची मोटर सोडलाव," अण्णा म्हणाले. "पाण्यासंगं गाळ येनारच." मग त्यांनी नियम सांगितला. डब्याच्या आतल्या ओहमाच्या निदान आठपट ओहम हेडफोनचा पाहिजे, आणि आवाजाच्या बटणावरचा ठिपका घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर गाणं दहा ते बाराच्या दरम्यान भरून आलं पाहिजे. बाराच्या पुढं जावं लागलं की जोडी चुकली. नियम पक्का होता. मी नंतर चार ठिकाणी पडताळून पाहिला, चूक सापडेल या आशेनं. सापडली नाही. त्याचाच जास्त राग आला.

कारण त्यांची तऱ्हाच तशी होती. माझा हेडफोन डोक्यावर चढवण्याआधी ते त्याच्या गाद्या स्वतःच्या रुमालानं पुसायचे. नंतर नव्हे, आधी. मला 'साहेब' म्हणायचे, पण सूर असा की त्यापेक्षा शिवी बरी. मी किंमत सांगायला तोंड उघडलं की म्हणायचे, "किंमत कानाला ऐकू येत न्हाय, साहेब." आणि तरीही नवीन खोकं घरी आलं की माझा पहिला फोन तेरलाच जायचा. अण्णांनी पाहिल्याशिवाय मला ते ऐकायचा धीर व्हायचा नाही. स्वतःच्या कानांवर विश्वास नसलेला माणूस दुसऱ्याला काय नावं ठेवणार? पण मी ठेवत होतो.

मग शेवटची दोन वर्षं आली. अण्णा जे समोर येईल ते नापास करायला लागले. वकिलांचे दोन गेले, माझे तीन. दर वेळी निकाल एकच, "आवाज दबलाय. परत करा." आम्ही मुकाट्यानं परत करत होतो. मला ते ठीक वाटत होते, वकिलांनाही वाटत होते, पण दोघांनीही एकमेकांना ते सांगितलं नाही. आपलाच कान अडाणी निघाला तर काय, ही भीती.

चौथा मी फार विचार करून मागवला. रविवारी अण्णा आले, मीटर लावलं, आकडा चाळीस आला. त्यांच्याच आठपटीच्या हिशोबात तो आरामात बसत होता. मी बटणाचा ठिपका अकरावर ठेवला. अण्णांनी डोळे मिटले.

"दबलाय. वाढवा."

बारा केले. एक केला.

"अजून."

अडीच झाले. मी समोर पाच फुटांवर बसलो होतो आणि हेडफोन अण्णांच्या कानांवर घट्ट होता, तरी गाण्याचा शब्द न् शब्द मला कळत होता. कणकेचे हात घेऊन बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, एवढ्या मोठ्यानं स्पीकर कशाला लावलाय?"

स्पीकर बंद होता. अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. "मोटर कमी पडायली, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "परत करा."

हा माणूस एकदा तरी चुकावा म्हणून मी सात-आठ वर्षं टपून बसलो होतो. त्यांनी हेडफोन काढला आणि मी म्हणालो, "अण्णा, मोटर ठीक आहे. तुमचे कान गेलेत." मोठ्यानं म्हणालो, बायकोसमोर म्हणालो, कारण मला ते त्यांना नक्की ऐकू जायला हवं होतं.

अण्णा हेडफोनची वायर गुंडाळत राहिले. "ठावं हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली."

"मग आमचे धडधाकट हेडफोन नापास कशाला केलेत?"

"पास केल्यावर पुढच्या आयतवारी कुणाच्या घरी जावं म्या? तुमीच सांगा."

बायको म्हणाली, "अण्णा, जेवून जावा." त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि मीटर खिशात घालून निघून गेले. बायको संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी मात्र या फसवणुकीचा हिशोब मनात घोळवत बसलो होतो. सांगायला लाज वाटते, पण बसलो होतो.

पुढच्या रविवारी अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वकिलांनी दोनदा विचारलं, मी दोनदा विषय बदलला. शेवटी फोन केला. सुनेनं त्यांच्या हातात दिला. मी माझं नाव ओरडून सांगितलं, तीनदा सांगितलं. "कोन हाय कुनास ठाऊक," असं पलीकडं कुणाला तरी म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मग एका रविवारी तोच चाळीस ओहमाचा हेडफोन खोक्यात भरून मी तेरला गेलो. अण्णा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. त्यांना दिसेल असा तोंडासमोर बसून मी सावकाश म्हणालो, "अण्णा, हा जुळत नाही. बघता का?"

त्यांनी खोक्याकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडं. "साहेब, तुमाला खोटं बी नीट बोलता येत न्हाय," ते म्हणाले. "दया घिऊन आलाव व्हय? च्या घ्या अन् जावा. साडेचारची गाडी हाय." खोकं त्यांनी उघडलंही नाही.

चहा झाल्यावर मात्र ते स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत माफी मागायची म्हटलं तर ती ओरडून मागावी लागली असती, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. त्यांचा अपमान करताना मला ओरडायला जमलं होतं. आता जमेना.

स्टँडवर ते रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. एसटी त्यांच्या पाठीमागून उलटी येत होती. कंडक्टर शिट्टी वाजवत होता, दोघं-तिघं ओरडले, ड्रायव्हरनं हॉर्नही दिला. अण्णा तसेच उभे. मी दंड धरून त्यांना बाजूला ओढलं.

"हात सोडा, साहेब," ते माझ्यावर खेकसले. "दिसतंय मला."

मी हात सोडला नाही. त्यांनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.