ठमीची मिशी

आधी कप खाली ठेवा बघू. मी जी माती खाल्ली ती ऐकून कुणाचा तरी चहा सांडायचा!

मी संशोधन करते. माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन आहे. ते घडताना चुकलं की आईबापाकडून पोरांत आजार उतरतो. त्याची घडण बघायची तर आधी त्याचे स्फटिक व्हायला हवेत. माझे काही बारीक कणांपुढं वाढेनात! शेवटी माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, “या महिन्यात नाही जमलं, तर हे प्रथिन सोडून दे.” म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

उपायही त्यांनीच सांगितला. जुन्या बारीक स्फटिकांवरून मांजरीची मिशी फिरवायची आणि प्रथिनाच्या नव्या थेंबातून ओढायची. विरजण लावतो ना, तसं.

शेलूला आमच्या शेजारी कमळमावशी राहतात. त्यांच्या घरात रुबाब दोघांचाच: पांढरी मांजर ठमी आणि पांढऱ्या मिशांचे काका. सरळ मिशी मागायची की नाही? पण मला मेलीला लाज वाटली! सुकट दाखवून, कात्री घेऊन जिन्यात दबा धरून बसले. ठमीनं हात ओरबाडला, पळाली, आणि मावशी दारात!

“काय करतीस गं?”

“मिशी हवी होती, मावशी. आजारासाठी.”

“कसला आजार?”

“आईबापाकडून येतो तो,” म्हणत मी इंजेक्शन घ्यायला धूम ठोकली.

झालं! संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर बोभाटा, पोरीला घराण्यातला आजार हाय. कुणी शहाळं आणलं, कुणी पेज. आई कामावरून आली, दारात चपलांचा ढीग बघून रडायलाच लागली. मी ओरडून सांगतेय, “मला काही झालेलं नाही!” तर मावशी डोळे पुसत म्हणतात, “असंच बोलायचं गं, धीरानं.” आणि हातात पुडी दिली.

पुडीत पांढरीशुभ्र मिशी! प्रयोगशाळेत मी सगळ्यांना मिरवून दाखवली. “टोक बघा! मांजरीशिवाय असं टोक असतं का कुणाचं?”

आणि खरंच, थोड्या दिवसांत स्फटिक चमकले. मॅडम खूश. प्रथिन माझंच राहिलं!

पेढे घेऊन मावशींकडे गेले. “तुमच्या ठमीमुळं जमलं हो!”

“ठमी कुठं घावली गं? ती माळ्यावर जाऊन बसली. हे म्हणाले, पोरीच्या जिवापरीस मिशी मोठी नाय.”

कोपऱ्यात काका. एका बाजूची मिशी सफाचट!

“बरी झालीस ना गं?” ते मायेनं म्हणाले. “लागली तर सांग, ही बाजू हाय अजून.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग आठवलं, संशोधनाच्या पेपरात मी छातीठोकपणे ‘मांजरीची मिशी’ लिहून दिलंय! तिथूनच फोन लावला.

“मॅडम, ते ‘मांजरीची’ खोडायचंय.”

“मग काय लिहायचं?”

“...शेजारच्या काकांची.”